१४ मिनिटं २ सेकंद

'संपूर्ण संगीत'. एका ऐतिहासिक मालिकेच्या अल्बमच्या कव्हरवर हे दोन शब्द सोनेरी अक्षरांत छापलेत, धुक्यातून वर येणाऱ्या गडाच्या चित्राखाली. आत ट्रॅक सहा. शीर्षकगीत, ३ मिनिटं १२ सेकंद. तेच शीर्षकगीत कराओके, परत ३ मिनिटं १२ सेकंद. तेच 'रिप्राइज', म्हणजे ताशा काढून पियानो घातलेलं, ३ मिनिटं ५ सेकंद. तेच लो-फाय, म्हणजे मुद्दाम संथ आणि खरखरीत केलेलं, २ मिनिटं ४० सेकंद. तेच टीव्हीवर लागायचं तेवढं, १ मिनिट ५ सेकंद. आणि शेवटी ४८ सेकंदांचा प्रोमो, त्यात संगीतावर निवेदक चढलेला, मालिका कुठल्या वारी किती वाजता लागते ते सांगत. मालिका संपून गेली, तरी! बेरीज केली तर १४ मिनिटं २ सेकंद. पावणेचारशे भागांची ऐतिहासिक मालिका, भागाला २२ मिनिटं धरली तर सव्वाशे तासांच्या वर जातं, आणि त्यातल्या पार्श्वसंगीताचा एक सेकंद या 'संपूर्ण' अल्बममध्ये नाही. प्रोमोखाली जे वाजतं तेही शीर्षकगीतच.

अंगाची लाही लाही होते. काहीच काढलं नसतं तर निदान वाट तरी बघता आली असती. आता कुणीही विचारलं की उत्तर तयार: काढलाय की अल्बम.

लोक काय मागत होते ते यांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. आईसाहेबांची ओवी मागत होते. जात्याची घरघर हाच ताल, त्यावर एका वयस्क बाईचा जरा चिरका, न सजवलेला आवाज, आणि खाली तानपुऱ्याचा षड्ज. बस, एवढंच. पण ही एकच चाल अख्ख्या मालिकेभर कशी फिरवलीय बघा. बारशाला ती बासरीवर येते. मुलगा पहिल्या मोहिमेवर निघतो तेव्हा सारंगीवर, आणि शेवटची ओळ अर्धीच सोडलेली. त्याच्या मरणाची खबर येते तेव्हा सूरच नाहीत. नुसती घरघर. ती मंदावत जाते, खुंटा थांबतो, आणि पुढचे सहा-सात सेकंद पूर्ण शांतता. ही चार रूपं एकापाठोपाठ एक ऐकायला मिळाली असती तर संगीतकाराने काय काम केलंय ते समजलं असतं. त्या प्रसंगाला घराघरांत माणसं रडली, ती शीर्षकगीताने नव्हे.

आणि वेढ्याची रात्र! तुणतुण्याची एकच तार, संबळ अगदी दबक्या हाताचा. शाहीर एक शब्द उच्चारत नाही, मागचे झीलकरी तेवढे 'जी जी' धरून राहतात. लय हळूहळू दुपटीवर जाते. आता तुतारी वाजणार, आता वाजणार असं साडेचार मिनिटं वाटत राहतं आणि ती वाजतच नाही. गडावरच्या माणसांची कुमक येत नाहीये, हे सगळं त्या न वाजलेल्या तुतारीत आहे. हल्ली तटबंदी दिसली रे दिसली की तयार ध्वनींच्या लायब्ररीतला तोच परदेशी ब्रास, पितळी वाद्यांचा ताफा, हुंकारतो, त्याच्या खाली तेच जपानी ढोल, मग दृश्य पुरंदरचं असो की पानिपतचं. अशा काळात कुणीतरी संबळ आणि तुणतुणं हातात घेऊन वेढा उभा करतो, आणि तो तुकडा अल्बममध्ये नाही. त्या जागी लो-फाय आहे. पोवाड्याच्या चालीचं, वीररसाचं गाणं, त्याचा वेग उतरवून, वर तबकडीची खोटी खरखर घालून! कुणाला हवं होतं हे?

हे असं का होतं तेही उघड आहे. शीर्षकगीताचे हक्क म्युझिक कंपनीकडे आधीच असतात, कागदपत्रं झालेली असतात. कराओके काढायचं म्हणजे गायकाचा स्टेम, म्हणजे त्याच्या आवाजाचा सुटा ट्रॅक, म्यूट करून फाइल बाहेर काढायची, दहा मिनिटांचं काम. त्यात स्ट्रीमिंगवर ३० सेकंद वाजल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मपैकी एकावर तर २०२४पासून वर्षाला १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला पैसेच मिळत नाहीत. मग एकाच लोकप्रिय गाण्याच्या पाच आवृत्त्या चढवणं सोपं आणि पार्श्वसंगीताचे चाळीस तुकडे चढवणं महाग, असा हिशोब.

पण तो हिशोबही चुकीचा मांडलाय. रोजच्या मालिकेचं पार्श्वसंगीत भागागणिक नव्याने रचलं जात नाही. सुरुवातीला थीमची बँक तयार होते. एका थीमची पाच-सहा रूपं: पूर्ण वाद्यमेळ, तालवाद्यांशिवाय, नुसत्या तारा, एकटी बासरी, नुसता लांबत राहणारा सूर, आणि धक्क्यासाठी चार सेकंदांचा तडाखा. मग भाग संपादित होऊन आला की त्या बँकेतून उचलून दृश्याला बसवायचं, जिथे अडेल तिथे नवं करायचं. म्हणजे सव्वाशे तास कुणीच मागत नाहीये. मूळ ऐवज दोन-अडीच तासांचा असेल. त्यातले २०-३० सेकंदांचे तुकडे सुटे चढवायचेच नाहीत. एका थीमची रूपं एका स्वरात, एका लयीच्या जवळपास असतात. ती क्रमाने जोडून चार-पाच मिनिटांचा एकेक सुईट करा. सांधा षड्जावर घ्या, तिथे दोन सेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा वर आणणं, पुरतो. अशा पंधरा सुईटमध्ये तासाभराचा भरगच्च अल्बम होतो आणि ३० सेकंदांची अटही आपोआप सुटते.

दुसरी सबब हक्कांची. हिच्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते, कारण हा घोळ पहिल्या दिवशी एका परिच्छेदात मिटतो. शीर्षकगीताचा करार म्युझिक कंपनीशी, पार्श्वसंगीताचा निर्मात्याशी, आणि दुसऱ्या करारात 'स्वतंत्र प्रकाशन' हा शब्दच नसतो. मालिका संपल्यावर विचारायला गेलं की निर्माता वाहिनीकडे बोट दाखवतो, वाहिनी म्युझिक कंपनीकडे, आणि कंपनी म्हणते आमच्याकडे फक्त गाणं आहे. मध्येच कुठेतरी विकतचं स्टॉक संगीत वापरलेलं निघतं. त्याचा परवाना दृश्याखाली वाजवण्यापुरता असतो, वेगळं विकण्याचा नसतो. मग त्या चार तुकड्यांपायी चाळीस अडकतात. क्यू शीट नीट ठेवली असती, कुठल्या भागात कितव्या मिनिटाला कुणाची रचना किती सेकंद वाजली ते लिहिलं असतं, तर ते चार तुकडे पाच मिनिटांत बाजूला काढता आले असते. आणि ही क्यू शीट काही चैनीची वस्तू नाही, संगीतकाराची रॉयल्टी तिच्यावर ठरते. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्याचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही. एवढा कायदा पाठीशी असताना साधा तक्ता भरायचा आळस!

मग लोक स्वतःच कामाला लागतात. भागातून संगीत काढायला बसतात, आणि तिथे खरे हाल सुरू होतात. टीव्हीच्या मिक्समध्ये संवाद आला की संगीत दहा-बारा डेसिबल खाली दाबलेलं असतं आणि वाक्य संपलं की परत वर येतं. संवाद कितीही सफाईने काढला तरी संगीताचं हे वरखाली होणं तसंच राहतं, सूर श्वास लागल्यासारखा हलतो. ध्वनी ५.१, म्हणजे सहा चॅनलचा, असेल तर मधला चॅनल बंद करून संवाद बराचसा जातो, पण आपल्या बहुतेक मालिका स्टीरिओतच मिळतात. राहिला एआयचा मार्ग. डेमक्स नावाचं सॉफ्टवेअर ध्वनीचे आवाज, तालवाद्यं, बास आणि इतर असे चार भाग करून देतं. वेढ्याचा तुकडा त्यातून काढून बघा. झीलकऱ्यांचं 'जी जी' किल्लेदाराच्या संवादासोबत आवाजाच्या भागात जातं. तलवारींचा खणखणाट आणि घोड्यांच्या टापा तालवाद्यांत जाऊन बसतात, संबळाच्या अगदी बोकांडी, आणि तिथून काही केल्या निघत नाहीत. तुणतुणं अर्धं 'इतर'मध्ये, अर्धं भलतीकडेच. त्यात ॲपवरचा ध्वनी दाबून बारीक केलेला, १६ किलोहर्ट्झच्या वर काही शिल्लक नाही, त्यामुळे जे हाती लागतं ते पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडतं. आणि ओवी? जात्याच्या घरघरीला ध्वनी साफ करणारी यंत्रं गोंगाट समजतात. मरणाच्या प्रसंगात जिथे फक्त घरघर आहे, तिथे नुसती सपाट रेघ उरते.

संगीत दिग्दर्शकाच्या संगणकावर हेच सगळं स्वच्छ पडलेलं असतं. संवादाविना, टापांविना, न दाबलेलं, पूर्ण दर्जाचं. किती दिवस पडून राहील? हार्ड डिस्क बसते. सेशन, म्हणजे कामाची मूळ फाइल, उघडायला गेलं की प्लगिनची जुनी आवृत्ती मिळत नाही, सॅम्पल लायब्ररीचा परवाना दुसऱ्या मशीनवर असतो, अर्धे ट्रॅक मुके उघडतात. काम चालू असतानाच प्रत्येक थीमचे स्टेम साध्या वेव्ह फाइलमध्ये बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवले तर हे संकट येतच नाही. मालिका संपली की मात्र स्टुडिओ दुसऱ्या दिवशी पुढच्या कामाला जुंपलेला असतो आणि हे कुणालाच सुचत नाही.

मुळात पार्श्वसंगीत करणाऱ्याचं नाव तरी कुठे दिसू देतात? श्रेयनामावली दीड सेकंदात पळते, तीही पडदा एका कोपऱ्यात आकसून, बाजूला पुढच्या मालिकेचा प्रोमो लावून. ॲपवर तर ती सुरू व्हायच्या आत पुढचा भाग उघडतो. शीर्षकगीत महिन्याभरात वीस सेकंदांवर येतं आणि त्यावरही 'इंट्रो वगळा'चं बटण असतं. भागाच्या शेवटी, भावनेच्या ऐन टोकावर, सारंगीचा सूर ओढलेला असताना 'पाहा उद्याच्या भागात' असं कुणीतरी ओरडतं. संबळ वाजवणाऱ्याचं, ओवी म्हणणाऱ्या बाईंचं नाव कुठेच नाही. या अल्बमच्या माहितीतही नाही. पावणेचारशे भागांत एकदाही नाही! त्या कोण आहेत?

१९८८मध्ये दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागायची, ५३ भाग. संगीतकार वनराज भाटियांनी तिच्यासाठी ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताला दिलेली चाल आजही ऐकली की अंगावर काटा येतो. भाटिया २०२१मध्ये गेले. कुठला तुकडा कुठल्या दृश्यासाठी रचला, कुठल्या सुरातून काढला, वादक कोण होते, हे रचनाकार हयात असेपर्यंतच त्याला बसवून विचारता येतं. आपल्याकडे ऐतिहासिक मालिकेत पागोट्याच्या घडीवरून आणि मोडी पत्रातल्या मायन्यावरून आठवडाभर वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण चौघड्यापासून ओवीपर्यंतचा जो आवाज नव्याने उभा केला, त्याची नोंद ठेवावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

जपानमध्ये एनएचके ही वाहिनी १९६३पासून दर वर्षी एक ऐतिहासिक मालिका करते, वर्षभर चालणारी, तायगा नाटक म्हणतात तिला. तिच्या संगीताचे त्याच वर्षात दोन-दोन, तीन-तीन खंड निघतात, मालिका चालू असतानाच. पहिला खंड सुरुवातीच्या महिन्यांत, मग कथा पुढे सरकते तसे नवे. शीर्षकसंगीत कुणी रचलं, कुणी संचालन केलं, कुठल्या वाद्यवृंदाने वाजवलं हे दर भागाच्या सुरुवातीला पडद्यावर येतं, वाचता येईल इतका वेळ. वर्षभर पसरलेल्या मालिकेचं संगीत एका अल्बममध्ये मावत नाही, हे त्यांनी गृहीतच धरलंय.

म्हणून मागणी नीट ऐका. ओवीची चारही रूपं, क्रमाने, शेवटची शांतता न कापता. वेढ्याची रात्र पूर्ण साडेचार मिनिटं, मध्येच फेड-आउट न करता. राज्याभिषेकाचा सनई-चौघडा, मंत्रघोषाशिवाय. गोंधळाचा प्रसंग, दिवटी पेटल्यापासून आरतीपर्यंत. दोन्ही पोवाडे सगळ्या कडव्यांसह, कारण प्रक्षेपणात प्रत्येकी दोनच कडवी वाजली. ट्रॅकना 'थीम ३', 'थीम ७' अशी नावं नकोत, प्रसंगाची नावं द्या. प्रत्येक ट्रॅकखाली वादकांची आणि गायकांची नावं. मास्टरिंग, म्हणजे ध्वनीच्या पातळीचं शेवटचं काम, नव्याने, टीव्हीच्या पातळीवरची फाइल उचलून तशीच चढवू नका, पण पातळी वाढवायच्या नादात संबळाचा दबका हात चेपूनही टाकू नका. लो-फाय नको. प्रोमो नको. आणि ओवी म्हणणाऱ्या बाईंचं नाव पहिल्या ओळीत.