तेलातली पाने, खिडकीतला उजेड आणि एक धोकादायक संदेश

‘थंड प्रदेशातही घरात बाराही महिने ताजी सुगंधी पाने’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही आठवडे फिरत आहे. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: रोपांचा खरा शत्रू थंडी असल्याने कुंड्या हीटरजवळ ठेवाव्यात; उजेडासाठी कोणतीही खिडकी किंवा खोलीतला दिवा पुरतो; रोज पाणी घालावे; सर्व जाती एकाच पसरट कुंडीत लावाव्यात; आणि उरलेली पाने लसणीसह तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवावी, म्हणजे ती वर्षभर टिकतात.

हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु परवा बोलता बोलता तिने सांगितले की लसूण आणि ओरेगानोची ताजी पाने घातलेली तेलाची बाटली आठ दिवसांपासून तिच्या ओट्यावर आहे. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीच्या चुकांनी रोप मरेल, या चुकीने माणूस मरू शकतो.

क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत सर्वत्र आढळतात. ते लसणीवर आणि पानांवर असू शकतात, आणि धुतल्याने सगळे निघून जातील याची खात्री नसते. हवेत ते निरुपद्रवी पडून राहतात, कारण त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. तेल नेमकी तीच जागा तयार करते: पाने बुडाली की हवा तुटते, पानांत आणि लसणीत पाणी असतेच, आंबटपणा नसतो, आणि ओट्यावरची ऊब आयती मिळते. अशा बाटलीत तयार होणारे विष वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही; दोन-दोन दिसू लागणे, पापण्या मिटू लागणे, गिळता न येणे आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडणे, हाच त्याचा पत्ता. ‘तेल कडकडीत तापवून ओतले की जंतू मरतात’ हे संदेशातले वाक्य तर सर्वांत बेजबाबदार आहे, कारण हे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानालाही तग धरतात, आणि ओलसर पानावर गरम तेल ओतले तरी पानातले पाणी उडून जाईपर्यंत त्याचे तापमान त्यापलीकडे फारसे जात नाही.

ही पुस्तकी भीती नाही. 1985 साली कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातील, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या चिरलेल्या लसणीमुळे 36 जणांना बोटुलिझम, म्हणजे याच विषाने होणारा आजार, झाला, आणि त्यांतील अनेकांचे निदान सुरुवातीला चुकले. 1989 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अशाच लसणीने पुन्हा माणसे आजारी पडल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा विक्रीच्या मालात आम्लासारखा जिवाणूरोधक घटक घालणे बंधनकारक केले. घरच्या बाटलीत असा घटक कोणी मोजून घालत नाही. पाने साठवायचीच असतील तर चिरून, तेलासह बर्फाच्या साच्यात गोठवावीत, किंवा पूर्ण वाळवून कोरड्या डब्यात ठेवावीत. ताज्या पानांचे तेल हवेच असेल, तर ते 4 अंश सेल्सिअसखाली फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

आता उजेड. थंडी हाच शत्रू मानल्यामुळे संपूर्ण संदेश भरकटला आहे, कारण घर आधीच उबदार असते आणि हिवाळ्यात खरी टंचाई असते ती प्रकाशाची. 52 उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेआठ तासांचा असतो आणि भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. आपले डोळे मंद उजेडाला इतके सहज सरावतात की खोली लख्ख वाटते. पण उन्हाळ्यातील मोकळ्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो आणि दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत दोन-तीनशे. त्यात कुंडी हीटरजवळ सरकवली, म्हणजे ऊब रोपाला ‘वाढ’ म्हणते आणि उजेड ‘नाही’ म्हणतो. मग तुळशीच्या जातीचे बेसिल लांबलचक, फिकट आणि लुळे होते, आणि लोक त्याला आणखी ऊब देतात. पांढऱ्या प्रकाशाची एलईडी पट्टी रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर उंचीवर टांगून रोज 14 ते 16 तास लावली, तर मात्र बेसिलही हिवाळाभर पाने देते. छताचा दिवा हे काम करत नाही, कारण अंतर दुप्पट झाले की छोट्या दिव्याचा प्रकाश चौथाईवर येतो.

रोज पाणी घालण्याबद्दल एवढेच सांगते की मंद उजेडात रोप पाणी कमी पिते, ओल्या मातीत मुळे कुजतात आणि चिलटे होतात. बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. एकाच कुंडीचा सल्लाही असाच आहे: रोझमेरी आणि थाइमला कोरडी, निचऱ्याची माती हवी, पुदिन्याला ओल हवी, आणि पुदिना शेजाऱ्यांच्या मुळांत घुसतो.

संदेशातली एक गोष्ट मला मान्य करावी लागते. थाइम आणि सेज बाहेरच्या बर्फातही जगतात, असे त्यात लिहिले आहे आणि ते खरे आहे. पण जगतात म्हणजे वाढतात असे नव्हे, त्यामुळे हिवाळ्यात त्यांची पाने मोजूनच तोडावीत. पुदिना आणि चाइव्ह्ज (बारीक कांदापातीसारखे रोप) यांना तर थंडीतली विश्रांतीच लागते. त्यांची कुंडी काही आठवडे बाहेरच्या गारठ्यात राहू द्यावी आणि मग दिव्याखाली आणावी, म्हणजे नवे कोंब जोमाने येतात. मावशीने बाटली न उघडता पिशवीत बांधून टाकून दिली आहे, आणि हीटरजवळचा पुदिना आता बाहेर गॅलरीत आहे.