रून लिपी केवळ जादूटोण्याची होती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर युरोपातील रून या प्राचीन लिपीवरचा माझा लेख बारकाईने वाचून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ‘रून ही रोजच्या व्यवहाराचीही लिपी होती’ या माझ्या विधानावर आपले दोन आक्षेप आहेत. मी दाखला दिलेल्या बर्गनच्या रून कोरलेल्या लाकडी कांड्या लिपीच्या उगमानंतर हजारएक वर्षांनी कोरलेल्या आहेत, हा पहिला. आणि मूळ काळात ही लिपी केवळ जादूटोण्यासाठीच होती, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपातले कालगणित बिनचूक आहे. नॉर्वेतील बर्गनच्या ब्र्युगन धक्क्यावर १९५५ च्या आगीनंतर झालेल्या उत्खननात जे सुमारे ६७० रून लेख सापडले, ते मध्ययुगातलेच. तोवर रून म्हणजे नावे आणि गंभीर स्मृतिलेख, एवढीच समजूत प्रचलित होती. ती या कांड्यांनी मोडून काढली, म्हणून त्यांचा उल्लेख केला. त्यांतल्या एका कांडीवर थोरिर नावाचा व्यापारी आपला भागीदार हाफग्रिम याला कळवतो, की आपली फार ओढाताण चालली आहे, ना बिअर मिळाली ना मासळी. आणि पुढे हातमोजे पाठवायलाही सांगतो. या पत्रात मंत्र शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही.

मात्र माझे विधान केवळ बर्गनवर उभे नाही. डेन्मार्कमधील इलेरुप येथे इसवी सन २०० च्या सुमाराची, ठिणगी पाडून आग पेटवण्याच्या चकमकीच्या लोखंडाला बसवलेली लाकडी मूठ मिळाली आहे आणि तिच्यावर रून अक्षरे आहेत. त्याच देशात विमोसे येथे सुताराचा रंधा मिळाला. त्यावरचा लेख पुरता उलगडलेला नसला तरी त्यातला एक शब्द रंध्याचाच वाचक असावा, असे मानले जाते. गारबोले येथील पेटी तर मला सर्वांत बोलकी वाटते. सरकत्या झाकणाची, शाळकरी मुलांच्या जुन्या लाकडी पेन्सिलपेटीसारखी ही वस्तू साधारण इसवी सन ४०० ची असून तिच्यावर ‘हागिराडाने बनवली’ एवढेच कोरले आहे. कारागिराने आपल्या कामावर नाव घातले, यापलीकडे त्यात गूढ काय आहे?

जादूचा वापर मी नाकारलेला नाही. डेन्मार्कमधीलच रीबे येथील साधारण १३०० सालच्या कांडीवर थरकापाच्या आजारावरचा मंत्रच आहे, आणि त्यात पृथ्वी, आकाश व सूर्य यांच्या जोडीला मेरी व प्रभूलाही साकडे घातले आहे. पण पाहा, आपल्या मताला पोषक असा हा ठसठशीत लाकडी लेखही बर्गनच्याच काळातला निघतो. पुरावा उशिराचा म्हणून माझा बाद होत असेल, तर हाही बाद धरावा लागेल.

‘मग त्या आरंभीच्या काळातली पत्रे का मिळत नाहीत?’ हा आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे. लाकूड टिकते ते पाणथळ, हवाबंद थरात. कोरड्या वस्तीच्या मातीत ते कुजते, चुलीत गेले तर राखच होते. इलेरुप आणि विमोसे ही वस्तीची ठिकाणे नव्हेत. पराभूत सैन्याची शस्त्रे व सामान जेथे जलाशयात अर्पण केले जाई, अशा त्या जागा आहेत. तेथे भाले, ढाली आणि सैनिकांच्या सामानातली हत्यारे मिळणार. घरगुती निरोपाच्या कांड्या तेथे कोणी टाकायला जाण्याचे कारणच नव्हते.