पान्हा आणि पंचायत

अंगावर पाजणे ही निसर्गाची देणगी आहे, त्यात शिकवायचे काय, असे मानणाऱ्याला एकदा आमच्या प्रसूती कक्षात भेटीच्या वेळेत आणून उभे करावे. बाळाला चोखण्याची ओढ उपजत असते हे खरे. पण त्याला धरायचे कसे हे आईला उपजत येत नाही, आणि त्या दोघांभोवती जमलेल्या मंडळींना उपजत येतो तो फक्त सल्ला.

मी तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. एका खाटेपाशी एकच नातेवाईक, अशी पाटी आमच्या दारावर आहे. प्रत्यक्षात पहिलटकरणीच्या उशाला सासू, पायथ्याला आई, खिडकीत आत्या आणि शेजारच्या खाटेवर कालच बाळंत झाल्यामुळे आज तज्ज्ञ झालेली एक बाई, एवढे परीक्षक मंडळ बसलेले असते. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या ‘मा’ या स्तनपानाला उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमाचे एक चित्र भिंतीवर आहे. त्याच्या खिळ्याला जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या लटकत असल्यामुळे त्यातली आई प्रसन्नपणे नेमके काय करते आहे, हे कुणालाच कळत नाही.

शिकवण्यासाठी माझ्याकडे एक प्लॅस्टिकची बाहुली आणि कापूस भरून शिवलेला एक मोजा आहे. बाहुली गुणी आहे. रडत नाही, झोपत नाही. तिचे तोंड उघडत नाही एवढाच तिच्यात दोष, आणि नेमका तोंड उघडणे हाच पाठाचा मुख्य भाग असतो. बाळाचे डोके, मान आणि कंबर एका रेषेत ठेवावी, त्याचे पोट आईच्या पोटाला लागावे, आणि बाळाला छातीकडे आणावे, आपण बाळावर वाकू नये, हे मी मोज्यावर करून दाखवते. सगळ्या माना डोलावतात. मग खरे बाळ हाती आले, की नवी आई वाकते. खांदे कानांना टेकतात, पायांची बोटे आवळली जातात आणि श्वास अडकतो. “ताई, श्वास सोडा,” हे मी प्रसूतीच्या वेळी म्हणत नाही इतक्या वेळा पाजताना म्हणते.

जन्मानंतरच्या पहिल्या तासात बाळ बहुधा टक्क जागे असते, आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्याच तासात पाजायला सुरुवात करा म्हणून सांगते. आमच्याकडे मात्र त्या तासात नाक कुणाकडून आले याचा निवाडा व्हायचा असतो. निवाडा होऊन बाळ आईकडे येईपर्यंत ते गाढ झोपलेले असते. मग त्याला उठवण्यासाठी मी दुपटे सोडते, टोपडे काढते, तळव्यांना गुदगुल्या करते. मी एक थर उतरवला, की आजी मागून दुसरा चढवतात. “लेकराला गारठवून मारता का सिस्टर?” बाहेर मे महिन्याचे ऊन असते, आणि आईच्या उघड्या छातीशी उघडे बाळ धरले तर त्याला तिचीच ऊब मिळते, हे सांगून मी थकले आहे.

अखेर बाळ चाळवते, मान वळवते, मूठ तोंडाकडे नेते. भूक लागल्याची खरी खूण हीच. रडणे फार उशिराने येते. त्याच्या वरच्या ओठाला स्तनाग्राचा हलका स्पर्श करून थांबायचे, आणि त्याने मोठा ‘आ’ केला, की तत्क्षणी जवळ ओढायचे. हा ‘आ’ क्षणभरच टिकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी खिडकीतून आत्या म्हणते, “अगं बाई, अगदी दादाची जांभई!” आई तिकडे पाहते आणि तोंड मिटते. पुन्हा पहिल्यापासून. पण जमते, तेव्हा खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी रुतलेली असते, गाल भरलेले असतात, आणि चार-दोन चोखण्यांनंतर गिळल्याचा बारीक आवाज येतो. तो ऐकू यावा म्हणून मी सगळ्यांना गप्प बसायला सांगते, आणि मग सगळ्या जणी एकमेकींना गप्प बसायला सांगू लागतात.

यानंतर सासूबाईंचा निकाल येतो: “दूधच नाही हो हिला.” पहिल्या दिवशी येतो तो दाट, पिवळसर चीक, तोही चमच्या-चमच्यानेच, बाळाच्या पोटाला तेवढा पुरतो. पान्हा भरून यायला दोन-चार दिवस लागतात, सिझेरियन झाले असेल तर कधी थोडे अधिक. पण हे ऐकतो कोण! गाईचा चीक असता, तर याच बायकांनी त्याचा खरवस करून साऱ्या गल्लीत वाटला असता. सुनेचा म्हटल्यावर तो पिळून टाकायचा असतो. त्यात पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, हे काट्यासमोर उभे राहून समजावणे म्हणजे तर आगीत तेल. “घरून आणलं तेव्हा चांगलं होतं,” असे एका आजींनी मला ऐकवले होते. बाळ आमच्याकडेच जन्मले होते.

मग आहाराचा वाद. माहेरचा पक्ष आळिवाच्या लाडवांचा, सासरचा शेपूच्या भाजीचा. फक्त बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, यावर दोन्ही पक्षांचे आश्चर्यकारक एकमत. लाडवांना माझी ना नाही, ते मलाही मिळतात. पण दूध बनते ते बाळाने ओढल्यामुळे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते, आणि तहान लागली की आईने पाणी प्यायचेच असते.

एवढ्यात बाळाचे वडील शर्टाखाली पावडरचा डबा लपवून चोरट्या पावलांनी येतात. अशा डब्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्रही छापता येत नाही. तरीही तो बरोबर आमच्या कक्षापर्यंत पोहोचतो. मी डबा घेत नाही, रागावत नाही. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, अशी जी सूचना त्यावर ठळक अक्षरांत छापावी लागते, ती त्यांना मोठ्याने वाचायला लावते. भरल्या कक्षात ते वाचून झाल्यावर डबा निमूटपणे बाहेर जातो.

आजी मात्र वाचून ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांच्यासाठी माझा निराळा उपाय आहे. मी त्यांच्या हाती पेन्सिल आणि जुन्या कॅलेंडरचे पान देते आणि बाळाची लघवी मोजण्याचे सरकारी काम सोपवते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले झाले, तर दूध पुरते आहे असे समजावे. अधिकार मिळाला, की आजी बदलतात. ज्यांनी माझ्यावर बाळ गारठवल्याचा आरोप केला होता, त्या हाताखालच्या सुनेला झोपेतून उठवून पाजायला बसवू लागल्या, आणि सिझेरियनमुळे लांबलेल्या मुक्कामात कॅलेंडरवरच्या रेघा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागल्या.

परवा त्याच आजी शेजारच्या खाटेवर नव्याने आलेल्या पहिलटकरणीसमोर बसून माझाच मोजा हातात धरून शिकवत होत्या. डोके, मान, कंबर एका रेषेत, पोटाला पोट, खालचा ओठ बाहेर, सगळे बिनचूक. मी दाराशी उभी राहून समाधानाने ऐकत होते.

“आणि नीट ध्यानात ठेव,” आजी बोट उगारून म्हणाल्या, “सहा महिने आईचंच दूध. पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, सिस्टरांनी बजावलंय. फक्त सकाळी गुटी आणि संध्याकाळी बोटभर मध.”