पायी कशाला?

भाच्याला नववीत इंग्रजीचा प्रोजेक्ट मिळालाय, एक डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या बिघडलेल्या जगाची, गोष्ट वाचायची आणि तिचं अ‍ॅनालिसिस करायचं, थीम, सिम्बॉल, आयरनी वगैरे, आणि आमच्या खानदानात पुस्तकवाली म्हणून मीच बदनाम, म्हणून ताई त्याला इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे सोडून गेली. जाताना म्हणाली, तासाभरात उरकेल गं. आज चौथा दिवस.

गोष्ट मीच निवडली, रे ब्रॅडबरीची 'द पेडेस्ट्रियन', १९५१ची, जेमतेम चार पानांची. साल २०५३. लेनर्ड मीड नावाचा माणूस रोज रात्री नुसता चालायला निघतो, बाकी सगळं शहर घरात टीव्हीला चिकटलेलं, दहा वर्षांत त्याला रस्त्यात दुसरा चालणारा भेटलेला नाही. एका रात्री पोलिसांची गाडी त्याला अडवते, उलटतपासणी घेते आणि सरळ घेऊन जाते.

"मावशी, तो नोव्हेंबरात रात्री आठला निघाला, इतका फिरला आणि काहीच खाल्लं नाही?"

"नाही रे."

"मग पोलिसांना डाउट येणारच ना!"

आता ह्याला काय सांगणार? इंदूरचं पोर ते. इथे रात्री पायी निघालेला माणूस सराफ्यातच सापडतो, सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात, आणि नोव्हेंबर म्हणजे तर गराडूचा, तळलेल्या मसालेदार कंदाचा, सीझन.

म्हटलं, लेखकाने सांगितलंय ते सोड, नुसतं दाखवलंय ते शोध. फुटपाथ कसाय बघ. तर म्हणे, तुटलाय, गवत उगवलंय, नगर निगमला कळवायला पाहिजे. मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात स्वतःच थांबला. "म्हणजे कोणी चालतच नाही त्याच्यावर?" माझ्या अंगावर काटा आला हो! खुश होऊन त्याला डब्यातले सगळे शंकरपाळे दिले. मग पोलिसांच्या गाडीत आत कोणी बसलेलंच नसतं, हेही त्याने आपणहून पकडलं. पण मीड सांगतो मी लेखक आहे आणि गाडी नोंद करते 'नो प्रोफेशन', तिथे हा इतका हसला की काय सांगू. "मावशी, तू पण लिहितेस ना?"

आयरनी, म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलटं घडणं, मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी काल रात्री म्हटलं चल, चालूनच बघू. राजवाड्यापर्यंतही पोचलो नव्हतो, मागून हेडलाइट पडला. शेजारचे काका, अ‍ॅक्टिव्हावर.

"पायी कशाला? गाडी बंद पडली का?"

"नाही, असंच."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही हो, सहज निघालो."

"सहज?" काकांनी मला आपादमस्तक बघितलं, डोळे दिपेपर्यंत लाइट तोंडावरच. "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी भाच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी पेटेल ट्यूब. तो मागच्या सीटवर बसलेला. "मावशी, ये तू आरामात, मी सराफ्यात थांबतो."

मी घामाघूम होऊन पोचले तेव्हा गराडूची प्लेट अर्धी संपलेली. तोंड भरलेलंच, तसाच म्हणाला, "कळली आयरनी. चालायची गोष्ट समजावायला तू मला आणलंस, आणि मी गाडीवर आलो."

उत्तर बरोबर होतं, काय करणार. दुसरी प्लेट सांगितली.