रिंकू सिंग मेजर लीगमध्ये खेळला? नाही हो!

'ट्रक ड्रायव्हरच्या पोराने आयुष्यात कधी चेंडू न धरता दहा लाख डॉलर जिंकले, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये) खेळणारा पहिला भारतीय ठरला, आणि बेसबॉल जमेना म्हणून कुस्तीत गेला.' रिंकू सिंगबद्दलचा हा मेसेज अखेर आमच्या फॅमिली ग्रुपवरही येऊन धडकला. (हा केकेआरचा रिंकू नव्हे. तो अलीगढचा, हा भदोही जिल्ह्यातल्या गोपीगंजचा.) वडील ट्रक चालवायचे, तेवढं खरं आहे.

दहा लाख डॉलर हे २००८ च्या 'मिलियन डॉलर आर्म' या बेसबॉल फेकण्याच्या टीव्ही स्पर्धेच्या नावात होते. रिंकूला मिळाले एक लाख.

चेंडूचं म्हणाल, तर बेसबॉल त्याला नवा होता, फेकणं नव्हे. लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजात तो भालाफेक करायचा. डावखुरा खांदा आधीच तयार होता, म्हणून तर स्पर्धेत चेंडू ताशी ८७ मैलांनी, म्हणजे १४० किलोमीटरने गेला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षक टॉम हाउस यांनी त्याच्याकडून कित्येक महिने घाम गाळून घेतला, तेव्हा कुठे नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघाने त्याला आणि त्याच स्पर्धेतून आलेल्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं. यात नशीब किती आणि भाला किती, तुम्हीच ठरवा.

आता मुख्य थाप. पायरेट्सशी करार म्हणजे पायरेट्सकडून खेळणं नव्हे. खाली मायनर लीगची अख्खी शिडी असते. रिंकूने २००९ मध्ये सर्वांत खालच्या पायरीवर, गल्फ कोस्ट लीगमध्ये सुरुवात केली. त्याच जुलैत पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून त्याच्या नावावर एका सामन्याचा विजय लागला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा पहिला भारतीय नागरिक तो इथे ठरला. विक्रम खरा आहे, मेसेजवाल्याने फक्त लीग बदलली. सगळ्यात वर तो पोचला वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघापर्यंत. तिथून मेजर लीग आणखी चार पायऱ्या वर.

मग जमेना म्हणायचं का? २०१२ चे आकडे बघा: ३९ सामने, ७२ इनिंग, ईआरए ३.००. म्हणजे दर नऊ इनिंगमागे, एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या खात्यावर लागलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या तीनच धावा. त्यातून तो रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर. सामना मध्यावर आला की बुलपेनमधून (बदली पिचरांच्या सरावाच्या जागेतून) उठायचं, आधीच्या पिचरने बेसवर पोचू दिलेले प्रतिस्पर्धी गडी वारशाने घ्यायचे आणि निस्तरायचे. हे काम करणाऱ्याचा मला तरी हा हंगाम नापास वाटत नाही.

त्याला घरी बसवलं ते कोपराने. २०१३ मध्ये दुखापत, मग टॉमी जॉन शस्त्रक्रिया. यात कोपराच्या तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुतेकदा शरीरातलाच दुसरीकडचा स्नायुबंध बसवतात. परतायला वर्षाहून जास्त लागतं. त्यानंतर रिंकू मैदानावर उतरलाच नाही. डब्ल्यूडब्ल्यूईशी करार झाला २०१८ मध्ये.

मेसेजसोबतचा फोटोही त्या कुस्तीच्या काळातलाच आहे. कपाळावर भस्म, दाढी वाढलेली, रिंगणातलं नाव वीर महान.