पहिलीच्या पोराला ट्यूशन लावायच्या आधी जरा थांबा

जून लागला की गावात सगळ्यांचा एकच प्रश्न, मॅडम, पोरगं पहिलीत गेलं, ट्यूशन कुठं लावू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवते, पारोळा-अमळनेरच्या पट्ट्यात, आणि मला मनापासून सांगायचंय की पहिली-दुसरीच्या लेकराला ट्यूशनपेक्षा घरच्या माणसांनी त्याच्याशी बोलायची गरज जास्त असते. ते बोलणं तुम्हाला येतं, तुम्ही बारावी झालेले असा नाहीतर शाळेत कधी गेलेलेच नसा.

या वयात पोरं शिकतात काय ते आधी बघा. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं निपुण भारत सुरू केलं, त्याचं म्हणणं असं की 2026-27 पर्यंत तिसरी संपणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. पहिलीला 99 पर्यंत संख्या, दुसरीला 999, तिसरीला 9999. आणि तिसरीच्या मुलानं कधी न पाहिलेला उतारा मिनिटाला निदान 60 शब्द अशा वेगानं वाचावा आणि तो त्याला कळावा. हे कळणंच खरं काम आहे. आणि पालक सभेत त्याबद्दल कोणी विचारत नाही, सगळे विचारतात किती पानं झाली, अक्षर कसं आहे, मार्क किती.

कितीतरी पोरं धडा धडाधड वाचतात, मग विचारलं की त्या मुलीनं छत्री का नेली, तर गप्प. अशा पोराला दहा वेळा तोच धडा लिहायला लावून काहीच होत नाही. त्याला रोज दहा मिनिटं तुमच्यासमोर मोठ्यानं वाचू द्या, भाकरी थापता थापता ऐका, आणि मध्येच विचारा, मग पुढं काय होईल रे, त्यानं असं का केलं असेल. तुम्हाला वाचता येत नसेल तरी चालतं, उलट मग पोराला समजावून सांगावंच लागतं आणि त्यातूनच त्याचं त्याला कळतं. वाचताना अडखळला तर लगेच शब्द सांगू नका, थोडं थांबा, आणि टपली तर अजिबात नको.

आता भाषेचं. घरात अहिराणी बोलतात म्हणून पोरगं मागं पडतं असं लोक म्हणतात, शिकलेसवरलेले पण म्हणतात, मला हे बिलकुल पटत नाही. जे पोर आजीला 'बकरी पयी गयी' (बकरी पळून गेली) पासून अख्खी गोष्ट रंगवून सांगतं, त्याच्या डोक्यात गोष्टीचा क्रम, कारण, शेवट सगळं तयार असतं, शाळेतली मराठी त्याच्यावरच उभी राहते. तेच पोर घरात जबरदस्तीनं शुद्ध बोलायला लावलं की हो आणि नाही एवढ्यावर येतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पण लिहिलंय की शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. सातपुड्यात पावरी, नवापूरकडं मावची, आपल्याकडं अहिराणी, पोर ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्याच्याशी बोला. संध्याकाळी 'आज शाळामा काय व्हयनं' एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मोबाईल बाजूला ठेवा. प्रमाण मराठी आम्ही शिकवू, ते आमचं काम आहे.

गणिताबद्दल मला जास्त बोलायचंय कारण तिथंच घरचे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. तीनशे पाच लिही म्हटलं की बरीच मुलं 3005 लिहितात. ऐकलं तसं लिहिलं त्यांनी, आधी 300 आणि त्याच्यापुढं 5. इथं पाढे पाठ करून घेऊन काय उपयोग, त्याला स्थानिक किंमतच कळलेली नसते. वर्गात आम्ही काड्यांचे गठ्ठे बांधतो, दहा काड्यांचा एक दशक, असे दहा दशक म्हणजे शतक. घरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या पडलेल्याच असतात, नाहीतर नोटा घ्या. 100 च्या तीन, 10 ची एकही नाही, आणि एक-एक रुपयाची पाच नाणी. दहाच्या नोटेची जागा रिकामी दिसली की तिथं शून्य का लिहायचा ते पोराला न सांगता कळतं. हे फळ्यावर मी कितीही वेळा सांगितलं तरी हातानं मोजल्याशिवाय बसत नाही.

रावेर-यावलच्या पोरांना तर गुणाकार शेतातच मिळतो. एका फणीत 14 केळी, घडाला 9 फण्या, तर किती? आधी अंदाज करायला लावा. मग 10 फण्या धरल्या तर 140, त्यातनं एक फणी काढली तर 126. असं तोंडी करणारं पोर मला पाठ पाढे म्हणणाऱ्या पोरापेक्षा जास्त आवडतं, खरंच. कापसाचा भाव 7000 रुपये क्विंटल धरला तर किलोला किती, 20 किलो वेचला तर किती, बाजारात वांगी घेतली तर सुटे किती परत येतील, हिशोब पोरालाच करू द्या, दुकानदार दोन मिनिटं थांबतो, काही बिघडत नाही.

आणि आपण ज्या पाटणादेवीला चाळीसगावकडून दर्शनाला जातो ना, तिथं पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं मठ काढल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. गेलात तर पोरांना हे सांगा, गणित आपल्या मातीत शिकवलं गेलंय हे त्यांना कळू द्या.

इंग्लिश मीडियमबद्दल भांडायचं नाही मला, तो प्रत्येकाचा निर्णय. फक्त तिथल्या लेकरांशी पण घरी आपल्या भाषेत भरपूर बोला.

एक गोष्ट अजून, ही कमी लोकांना माहिती असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि समितीत निम्म्या बाया. ती समिती नुसती सह्यांसाठी नाही. मीटिंगला या, माय-बहिणींनो तुम्ही तर नक्की या, आणि विचारा की तिसरीतली किती मुलं समजून वाचतात, जी वाचत नाहीत त्यांच्यासाठी तुम्ही काय करताय. आम्हाला त्याचा राग येत नाही.

आणि जे दादा-ताई दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात त्यांनी निघायच्या आधी शाळेत येऊन भेटा. पोराला आजीजवळ ठेवता येतंय का ते बघू, हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते पण विचारू, आणि न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या म्हणजे तिकडच्या शाळेत पोराला बसता येईल, आणि पुस्तकं घरी न ठेवता सोबत न्या.