मनुष्यबळ कागदावर कसे वाढवावे

पुणे जिल्ह्याचं उत्पन्न घटवायचं असेल तर खडकवासला फोडायला नको की चाकणचा रस्ता खणायला नको (तो खणलेलाच असतो). नुसत्या इंजिनिअरिंगच्या पदविका वाटत बसा. संस्थाचालकहो, तुमची तयारी दिसतेच आहे, तरी काही सूचना करतो.

इमारत काचेची बांधा.

मास्तर घड्याळी तासिकेवर नेमा. तासाचे पैसे, सुट्टीला ठेंगा, बिलं सवडीनं. पुढल्या महिन्याच्या भाड्याची काळजी असलेला माणूस मन लावून शिकवण्याचा धोका कमी असतो.

लेथवर (म्हणजे कातकामाच्या यंत्रावर) कापड घालून ठेवा. ते तपासणी समिती येईल त्या दिवशीच निघालं पाहिजे. पोरांनी मागच्या बॅचचं जर्नल उतरवावं आणि सबमिशनला सही घ्यावी. याचं फळ परवाच माझ्या पदरात पडलं. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. डिप्लोमाला डिस्टिंक्शन मिळवलेला मुलगा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ठेवला. काम २० मिलिमीटरच्या शाफ्टचं. पहिला पीस १९.९८ आला होता, म्हणजे अगदी चोख. पण जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवर, थिंबलच्या (फिरत्या नळीच्या) कडेला २० ची रेघ जराशी डोकावत होती. गड्यानं १९.५ ची सोडून ती धरली, वर थिंबलवरचे ०.४८ मिळवले आणि वाचलं २०.४८. मग अर्धा मिलिमीटर जास्त कापायचा ऑफसेट मशीनला टाकून चहालाही न जाता, अत्यंत प्रामाणिकपणे, रात्रभर लॉट काढला. स्टील, वीज, इन्सर्ट, मशीनचा हप्ता, सगळं सकाळी भंगाराच्या भावात. विचारलं तर म्हणतो, "सर, कॉलेजात मायक्रोमीटर कपाटात असायचा. लांबून दाखवला होता." त्या पोरावर काय चिडायचं! त्याच्या बापानं कर्ज काढून फी भरली ती या लांबून दाखवलेल्या मायक्रोमीटरची. पावती मात्र 'डेव्हलपमेंट फी'ची. कसलं डेव्हलपमेंट? कोणाचं?

शिक्षणावरचा खर्च म्हणजे गुंतवणूक, असं अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ १९६१ सालीच सांगून गेले. २०१३ मध्ये गेनाइओली, ला पोर्ता वगैरे अर्थशास्त्री मंडळींनी ११० देशांतले १५६९ प्रदेश तपासले. एक भाग श्रीमंत, दुसरा गरीब का? भूगोल, संस्था, संस्कृती सगळं पाहिलं. पारडं जड निघालं शिक्षणाचं. त्यांनी मोजली शाळेत घालवलेली वर्षं. आपल्याला वर्षं घालवायला सांगा, त्यात आपण कमी पडणार नाही.

अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) आला की त्याच्या हाती झाडू द्या. शिकवला तर चाकणच्या मोठ्या कारखान्यात पळतो.

हे शेवटचं माझ्या शेजारच्या गाळेवाल्यांसाठी, आणि आता थट्टा पुरे. १९६१ पासून अप्रेंटिसचा कायदा आहे. तुम्ही पोराला वर्षभर चहा आणायला लावता, स्टायपेंड वाचवता आणि असोसिएशनच्या मीटिंगमध्ये "स्किल्ड माणूस मिळत नाही" म्हणून गळा काढता. तो येणार कुठून? १८५४ साली पुण्यात सरकारी बांधकामासाठी माणसं तयार करायला इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, कारण तयार माणूस आयता मिळत नाही एवढं तेव्हाच्या साहेबालाही कळत होतं. तुम्हाला कळत नाही? आणि संस्थाचालक, तुम्ही फीचे पैसे मोजून घेता ना, मग मोजायलाही शिकवा. लाज असेल तर तासिकेवरच्या सरांची थकलेली बिलं याच महिन्यात काढा.